विहीणबाईंचं तूप

बाजाराच्या दिवशी आमच्या घरात कोणी आजारी पडत नसे. पडायला कोणाला सवडच नसायची. अंगात कणकण असली तरी ती उद्यावर टाकली जायची, आणि उद्या आला की अख्खं घर भिंतीला पाठ लावून बसायचं. सोमवार-मंगळवार ही नावं मी शाळेत शिकले. घरात वार तीनच होते: बाजाराचा आदला दिवस, बाजार आणि बाजाराचा शीण. आता लेकाकडे राहते. भाजीवाला फाटकाशी येतो, बिस्किटांचे पुडे कपाटात भरलेले असतात, आणि तरीही आठवड्यातून एक दिवस सकाळपासून माझे पाय दुखायला लागतात. सून म्हणते, हवा बदलली असेल. मी हो म्हणते. मोताळ्याचा बाजार अजून पायांतून गेलेला नाही, हे तिला समजावत बसण्याइतका उत्साह आता उरलेला नाही.

आमचं गाव मोताळ्यापासून इतकं लांब होतं की न्याहारी गाडीतच उरकावी. नदीकाठी मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा सगळा माल बाबा आदल्या संध्याकाळी तोडून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी गाडी जुंपायचे. माल विकायचं काम बाबांचं, आणि घरासाठी विकत घ्यायचं काम मायचं. आम्ही दोघी बहिणी मायबरोबर मिरचीच्या पोत्यांवर बसायचो. वाटेत फडकं सोडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, गाडीच्या हेलकाव्यात पाण्याचा तांब्या सांभाळायचा, आणि पोहोचेपर्यंत डोळ्यांना मिरची लागलेली असायची. अक्का माझ्याहून पुष्कळ मोठी. तिचं नाव कमल. माझं सुमन, पण मला सगळे सुमीच म्हणायचे, आणि आता तसं म्हणणारं कोणी राहिलेलं नाही.

माय दमलेली नाही अशी मला आठवतच नाही. कोणाचा स्वभाव तापट असतो, कोणाचा चिकट, तसा तिचा स्वभावच दमलेला होता. ती दमून बोलायची, दमून हसायची. भांडायचीसुद्धा दमून, त्यामुळे तिच्याशी भांडणाऱ्याला मजा येत नसे. दोन म्हशी, मळ्यातलं खुरपणं, चूल, सासू-सासरे जाईपर्यंत त्यांचं अंथरूण-पांघरूण, आणि वर हा बाजार. एकाच गोष्टीत तिला शीण नव्हता, ती म्हणजे तूप. लोणी कढायला ठेवलं की ती चुलीपुढून हलत नसे. कढईतला आवाज कमी कमी होत थांबत आला की नागवेलीचं पान टाकून ती कढई उतरवायची. त्या तुपाचा रवा मोठा, वास असा की शेजारच्या घरी जेवणारा माणूस हात थांबवायचा. बाजारात तिची ठरलेली गिऱ्हाइकं होती. त्या बायका डबा उघडूनही पाहत नसत, डोळे मिटून तूप घेऊन जायच्या. आयुष्यात तिला एवढा एकच मान होता, म्हणून तो आधी सांगून ठेवते.

बाजारात शिरलं की माय पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारायची. मीठ-मसाल्याची दुकानं, मडकी, दोरखंडवाले, बांगड्यावाल्या, लाल मिरचीचे ढीग, वरवट बकालकडून आलेली संत्री, घाटाच्या डोंगरातून पाट्या भरून उतरलेली सीताफळं. ती प्रत्येकापाशी थांबायची, हातात घ्यायची, ठेवायची, पुढे जायची. आम्ही मागे. दुसऱ्या फेरीत खरेदी. गूळ ती बोटानं नखलून जिभेला लावायची, हिंग हुंगायची, सीताफळाचे डोळे दाबून पाहायची. भाव करताना तिचा आवाज वर चढत नसे. ‘राहू द्या मग’ एवढंच म्हणून ती अशा थकव्यानं उठायची की दुकानदाराला वाटायचं, ही बाई आता इथेच पडेल, आणि तो भाव उतरवायचा. हा तिचा डाव होता की खरंच थकवा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. ओझं वाढत जायचं, ऊन वाढत जायचं, भज्यांच्या कढईचा वास पाठ सोडत नसे. शेवटी बाबांकडून एक कागदी पुडी मिळायची, गोडी शेव नाहीतर फुटाणे, आणि ती खाता खाता मी पोत्याला टेकून झोपायचे.

दिवाळीच्या आधीच्या बाजारात मात्र झोप नसे, कारण त्या दिवशी भट्टीवर बसायचं असे. बाजाराच्या टोकाला एका चाचांची बेकरी होती. एरवी तिथे पाव, टोस, खारी मिळायची. पण सणासुदीला गावोगावच्या बाया आपापलं सामान घेऊन यायच्या. मैदा आपला, साखर आपली, तूप आपलं, वेलदोडे आपले. चाचांचा फक्त विस्तव आणि हात. भट्टीपुढच्या मांडवात रांगेनं पराती मांडून बाया तूप-साखर फेसत बसायच्या. तळहातानं गोल गोल, गोल गोल, तूप पांढरं फटक होईपर्यंत. खांदे भरून यायचे. मग मैदा मिसळून नानकटाईचे गोळे वळायचे, पत्र्यावर मांडायचे आणि चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ते पत्रे भट्टीत सारायचे. एका भट्टीत चार घरचे पत्रे. कोणाचं कोणतं हे कळावं म्हणून प्रत्येक बाई आपल्या गोळ्यांवर खूण करायची. कोणी चारोळी दाबायची, कोणी बोट, कोणी बांगडीच्या काठाची रेघ ओढायची. आमची खूण लवंगेची. लवंगेचं डोकं दाबलं की चार पाकळ्यांचं फूल उमटायचं. मायला वाटायचं, ही खूण तिनंच शोधली.

अक्काचं लग्न झालं आणि पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली. दिवाळी करून ती परत जाताना तिच्याबरोबर नानकटाईचा डबा द्यायचा, अशी रीत. मायनं त्या वर्षी तूप विकलंच नाही, सगळं डब्यासाठी राखून ठेवलं. दिवाळीच्या आधीच्या बाजारी भट्टीवर जत्रेसारखी गर्दी होती. पत्रे भट्टीत गेल्यावर माय अक्काला बांगड्या भरायला घेऊन गेली, आणि परत येईपर्यंत चाचांच्या माणसानं खूण पाहून आमचा डबा भरून, वरून फडकं बांधून ठेवला होता. तो तसाच घरी आला आणि तसाच सासरी गेला. उघडला कोणी नाही. विहिणीच्या घरी जायचा डबा आपण उष्टावायचा नाही, त्यातलं एकही चाखायचं नाही, हे आमच्याकडे इतकं पक्कं की मी हावरट असूनही फडक्याला नुसतं नाक लावून आले होते. नाकालाही काही कळलं नाही, कारण फडक्याला हळदीचा वास होता.

दिवाळीनंतरच्या बाजारात चाचांनी आम्हाला एक गंमत सांगितली. कुठल्याशा गावची एक बाई, वनस्पती तुपाचा डबा घेऊन आली होती, आणि घरी जाऊन पाहते तर तिच्या नानकटाईला घरच्या तुपाचा घमघमाट. ती मुद्दाम सांगायला आली होती. चाचा म्हणाले, माझ्या हातालाच बरकत आहे. माय हसली. मीही हसले. त्या बाईनंही लवंगच दाबली असेल हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. माणूस दमलेला असला की त्याला गंमत ही गंमतच वाटते, तिच्यामागे काही असेल असं वाटत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का पुन्हा माहेरी आली. चार दिवस झोके घ्यायचे, मांडे-रस खायचा, आणि मग सासरचं कोणी घ्यायला आलं की जायचं. कोणी आलंच नाही. आखाजी गेली, पेरण्या झाल्या, पोळा झाला. बाबा म्हणायचे, वाट पाहू. लेकीला आपण होऊन सासरी नेऊन सोडायचं नाही, तसं केलं तर ती आयुष्यभर तिथे बिनबोलावलेली राहते, असं आमच्या लोकांत मानलं जाई. निरोप धाडले तर उत्तर यायचं, पाहू. माय अक्काला विचारायची, काही झालं का गं? अक्का म्हणायची, काही नाही. सासूबाईंनी डब्यावरून टोमणे मारले होते, हे तिला ठाऊक होतं. पण मायचं तूप कमी पडलं असेल, तिनं नाइलाजानं केलं असेल, असं समजून तिनं ते गिळलं होतं. आणि एवढ्याशा गोष्टीवरून कोणी सून टाकून देतं का, असंही तिला वाटत होतं. हे सगळं तिनं मला फार पुढे सांगितलं.

त्या सहा-सात महिन्यांत बाजार म्हणजे वनवास झाला. सासरच्या गावची गाडीही मोताळ्यालाच यायची. म्हणून माय दर बाजारी अक्काला बरोबर न्यायची. अक्काचं लुगड्यांचं गाठोडं पोत्यांखाली लपवलेलं असायचं, न जाणो आज तिच्या सासूबाई म्हणाल्या चल, तर तयारी असावी. माय आता पहिली फेरी वस्तू पाहायला मारत नसे, माणसं पाहायला मारायची. विहीणबाई दिसायच्या. उंच, धिप्पाड, आवाज मिरचीबाजारातून मडक्यांपर्यंत ऐकू जाणारा. आम्हाला पाहिलं की त्यांना हमखास कुठल्यातरी दुकानात काहीतरी घ्यायचं आठवायचं. पुढे कळलं, त्या आमची वाट पाहत होत्या, आम्ही येऊन माफी मागू म्हणून. काय झालं ते त्यांनी गावभर सांगितलं होतं, फक्त आम्हाला सांगितलं नव्हतं.

आणि दाजी. अक्काचा नवरा दर बाजारी दोरखंडवाल्यापाशी उभा असायचा, कारण तिथून बाबांचं भाजीचं दुकान दिसत असे. अक्का मेथीच्या जुड्या उलटसुलट करायची आणि मान वर करायची नाही, पण कान लाल व्हायचे. आईच्या परवानगीशिवाय दोन पावलं पुढे यायची दाजींची छाती नव्हती. नुसतं उभं राहिलं तर दोरखंडवाला ओरडणार, म्हणून ते दर वेळी एक दोर विकत घ्यायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. माय म्हणायची, ‘येतो तरी.’ गावातल्या बाया विहिरीवर विचारायच्या, काय कमल, अजून इथेच? अक्का आधी उत्तरं द्यायची, मग नुसती मान हलवायची, मग तिनं विहिरीवर जाणंच सोडलं. पाणी माझ्याकडे आलं. दिवाळी जवळ आली. दुसरी दिवाळीही माहेरी काढली की लेक परत जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढायची कोणाला इच्छा नव्हती.

दिवाळीआधीच्या त्या बाजारात मायनं तरीही भट्टीवर जायचं ठरवलं. कोणासाठी, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, चुकवून कसं चालेल. आम्ही तिघी परात मांडून बसलो. माय तूप फेसत होती, अक्का वेलदोडे सोलत होती. मांडव भरत गेला, आणि आमच्या समोरची एक जागा तेवढी मोकळी राहिली. विहीणबाई आपली परात डोक्यावर घेऊन आल्या, सगळीकडे पाहिलं, दुसरी जागा नाही असं दिसल्यावर धप्पकन समोर बसल्या. अक्कानं पदर कपाळावर ओढला. दोघी विहिणी एकमेकींसमोर बसून तूप फेसत होत्या, गोल गोल, गोल गोल, आणि बोलत नव्हत्या. आजूबाजूच्या बायांनाही कळलं असावं. हळूहळू सगळा मांडव गप्प झाला आणि नुसते तळहात फिरल्याचे आवाज येत राहिले. मायचं तूप केव्हाच पांढरं झालं होतं, तरी तिचा हात फिरतच होता.

शेवटी मायच बोलली. मान वर न करता बोलली.

“इहीनबाई, पोरीचं काय चुकलं थे तरी सांगा.”

“पोरीचं काय चुकन? पोरगी लाखात एक हाय,” विहीणबाई म्हणाल्या. इतके महिने कोंडलेला आवाज मोकळा झाला. “चुकलं थे तुमचं. पयल्या दिवाळीले तुमी वनस्पतीचा डबा धाडला. म्या चार बाया बोलावून, मोठ्या तोऱ्यानं खोलला. टाळूले चिकटत व्हतं बिस्कीट. घरी दोन दोन म्हशी, अन् आमची किंमत वनस्पतीएवढीच केली का तुमी?”

मायचा हात थांबला. तिनं अक्काकडे पाहिलं. अक्का परातीत पाहत होती, आणि तिच्या त्या न पाहण्यावरूनच मायला कळलं की हे खरं आहे, असा डबा खरंच पोहोचला होता. मग मला दिसलं की मायला दुसरीही गोष्ट कळली. चाचांची ती गंमत. वनस्पती देऊन घरचं तूप घेऊन गेलेली बाई. तिचा डबा आमच्या अक्काबरोबर गेला होता आणि आमचा डबा तिनं घरी बसून खाल्ला होता. मला ते त्याच क्षणी कळलं. भट्टीच्या तोंडाशी उभ्या चाचांनाही कळलं असणार, कारण हातातली फळी तशीच धरून ते वळले.

“भाभी, उस दिवाळीले तं एक बाई...” त्यांनी सुरुवात केली.

“चाचा,” माय म्हणाली, “तुमचा पत्रा करपून राह्यला. तिकडं पाहा.”

करपत काहीच नव्हतं. चाचांनी मायकडे पाहिलं, मग भट्टीकडे वळले आणि परत वळले नाहीत. मी तोंड उघडलं तर मायचा तुपानं भरलेला हात माझ्या गुडघ्यावर आला आणि असा दाबला की कळ गेली. त्या परकरावर पाच बोटांचा तेलकट डाग पडला, तो परकर फाटेपर्यंत गेला नाही.

“हाव, इहीनबाई,” माय म्हणाली. “म्हशी आटल्या व्हत्या. तूप कमी पडलं. वाटलं, कोनाले कळनार नाही. चुकलं माह्यं.”

सगळ्या मांडवासमोर म्हणाली. ज्या बाया तिच्याकडून डोळे मिटून तूप घ्यायच्या, त्यांतल्या निम्म्या तिथे बसल्या होत्या.

विहीणबाईंचा चेहरा असा उतरला, म्हणजे ओझं उतरतं तसा, की त्या मला एकदम म्हाताऱ्या दिसल्या. त्यांनी हात परातीतून काढला, कोपरानं डोळे पुसले. “मंग तवाच काऊन नाही सांगितलं? तूप नसतं तं म्या देलं नसतं का? आपल्याच मानसाची लाज धरता का?” आणि लगेच, पाणी मागावं इतक्या सहज त्या अक्काला म्हणाल्या, “कमल, आपल्या पत्र्यावर खूण कर वं. माह्ये हात भरले.”

अक्का उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसली. तीन पावलांचंही अंतर नव्हतं. तिनं कसली खूण केली ते मी पाहिलं नाही. मला समोरचं काही धड दिसत नव्हतं. नानकटाई भाजून निघाली तेव्हा दाजी कुठूनसे धावत आले, दोन्ही डबे उचलले, एक परत ठेवला, पुन्हा भलताच उचलला, आणि बाया हसल्या. पोत्यांखालचं गाठोडं शेवटी कामाला आलं. अक्का गाडीत बसताना मायच्या पाया पडली आणि वाकलेलीच राहिली. माय तिच्या पाठीवरून हात फिरवत ‘ऊठ, ऊठ, उशीर होईल’ एवढंच म्हणत होती. पुढे अक्कानं सांगितलं, सासरी पोहोचल्यावर तिनं खोलीत पाहिलं तर खुंटीवर, माळ्यावर, खाटेखाली नुसते नवे दोर. तिला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं की सासूबाईंना वाटलं, पोरीला झपाटलं.

परतीच्या गाडीत आम्ही तिघंच होतो. बाबांना कळलं होतं. ते बैल हाकत होते. मी मात्र धुमसत होते. गाव जवळ आलं तेव्हा मी मायला विचारलं, तू खोटं काऊन बोललीस? आपली काही चूक नव्हती, चाचा सांगत होते, सगळ्यांना कळलं असतं.

माय रिकाम्या पोत्यांवर आडवी पडली होती. डोळे मिटूनच बोलली.

“ती गावभर सांगून बसली व्हती. चार मानसात ती खोटी पडली असती तं कोन्या तोंडानं कमलले नेलं असतं? मी खोटी पडली, तं मले निस्तं घरी यायचं व्हतं.”

मला तेव्हा ते पटलं नाही. खरं तर मला मायची चीड आली. आज माझ्या घरात कोण बरोबर आणि कोण चूक यावरून दारं आपटली जातात तेव्हा मी पोत्यांवर आडवी पडलेली माय आठवते आणि गप्प बसते. पण तिच्यासारखं गप्प बसणं मला जमत नाही. माझं गप्प बसणं लोकांना ऐकू येतं.

याची किंमत तिनं सावकाश दिली. पुढच्याच बाजारापासून तिची गिऱ्हाइकं तुपाच्या डब्यात बोट बुडवून हुंगायला लागली. काही बाया नुसतं हुंगून ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून गेल्या. माय डबा पुढे करायची, त्या हुंगायच्या, आणि माय दुसरीकडे पाहायची. काही वर्षांनी तिनं तूप विकणं सोडलंच. म्हणायची, आता कढईपुढे बसवत नाही.

आणि पुढच्या दिवाळीपासून विहीणबाईंचं तूप यायला लागलं. पहिल्या वेळी दाजी पितळी बरणी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, आईनं धाडलंय, तुमच्याकडे कमी असतं ना. गोठ्यात आमच्या दोन्ही म्हशी रवंथ करत त्यांच्याकडेच पाहत होत्या. बाबांनी काही बोलायला तोंड उघडलं, मायनं नुसतं पाहिलं, आणि बाबांना एकाएकी बैलांना पाणी पाजायचं आठवलं. मायनं बरणी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. दाजी गेल्यावर झाकण उघडलं तर तूप तपकिरी. विहीणबाई कढई उतरवायला विसरायच्या, बेरी तळाशी जळायची आणि सगळ्या तुपाला करपट वास लागायचा. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं असणार, आणि त्यांच्या घरात त्यालाच तूप म्हणत असणार. लेकीच्या घरी जाणाऱ्या डब्यात माय तेच तूप घालायची. न घालून चाललं नसतं, विहीणबाई वासावरून ओळखत. डबा उघडून त्या अक्काला म्हणायच्या, आता कसं घरच्या तुपासारखं लागतं. वर्षामागून वर्षं हे चाललं. मनानं त्या फार मोठ्या होत्या. माझ्या लग्नात त्या आल्या आणि पंगतीत स्वतः वाढत राहिल्या. त्यांचा राग करावा असं त्यांनी मला काही शिल्लक ठेवलं नाही, याचाच मला राग यायचा.

विहीणबाई गेल्या तेव्हा माझं लग्न होऊन मुलं शाळेत जात होती. माय खूप थकली होती. त्या दिवाळीला मी माहेरी होते. अक्का आली, हातात तीच पितळी बरणी. सासू असेपर्यंत तुपाची कढई तिच्या हाती कधी आली नव्हती. हे तिचं पहिलं तूप. मायनं झाकण काढलं. मोठा रवा, पिवळसर पांढरं, आणि वास असा की ओसरीवर बसलेले बाबा आत वळून पाहायला लागले. अगदी मायचं तूप. आम्ही तिघी पुन्हा मोताळ्याला गेलो. भट्टीवर चाचांचा मुलगा होता. मायला फेसायला झेपत नव्हतं, ती नुसती परातीशी बसून लवंग दाबत होती. नानकटाई निघाली. हा डबा घरासाठीच होता, उष्टं-खरकटं काही नव्हतं, म्हणून अक्कानं पहिली तिच्या हातावर ठेवली. मायनं ती सावकाश खाल्ली. दात उरले नव्हते, टाळूनं विरघळवत बसली.

“इहीनबाई असत्या,” ती म्हणाली, “तं म्हनल्या असत्या, वनस्पती हाय.”

आणि हसली. आम्ही दोघीही हसलो. मग पाहिलं तर ती हसत नव्हती. पदर तोंडाला लावून ती रडत होती, अख्खं अंग हलत होतं. अक्का निघाली त्या दिवशी ती अशी रडली नव्हती, तिची गिऱ्हाइकं गेली तेव्हाही नाही. अक्का तिला धरून बसली. मी वाकून विचारलं, माय, काय होतंय?

“काही नाही,” माय म्हणाली. “दमली मी.”